राउटर आणि त्याची पाती

रंधा किंवा पटाशी सुताराच्या हाताच्या बळावर चालते. हात थांबला की धारही थांबते. राउटर या विद्युत्-यंत्राची गोष्ट निराळी आहे. त्याचे पाते मिनिटाला दहा हजारांपासून चोवीस-पंचवीस हजारांपर्यंत फेरे घेते. हे यंत्र चालविण्याचे निम्मे कौशल्य ते सुरू करण्यापूर्वीच्या जुळणीत आहे.

पात्याची दांडी ज्या चिरा पाडलेल्या नळीत आवळली जाते, तिला कॉलेट म्हणतात. नट फिरविला की ही नळी चहूबाजूंनी आकुंचन पावून दांडीला धरते. हे आकुंचन अगदी थोडे असते. म्हणून दोहोंचे माप जुळलेच पाहिजे. बाजारात ६ मिलिमीटरच्या आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या, अशा दोन्ही दांड्या मिळतात. डोळ्यांना हा फरक सहसा जाणवत नाही. परंतु पाव इंची कॉलेटमध्ये ६ मिलिमीटरची दांडी बसविल्यास पकड अपुरी राहते आणि पाते चालता चालता सरकते, क्वचित सुटून उडतेही.

पाते बदलताना विजेचा प्लग काढून ठेवावा. कॉलेटमधील भुसा व राळ पुसावी. दांडी तळापर्यंत घालून दोन-तीन मिलिमीटर वर उचलावी आणि मगच नट आवळावा. आवळताना कॉलेट किंचित आत ओढली जाते. दांडी तळाला टेकलेली असेल, तर ती तेथेच अडते आणि पकड पूर्ण होत नाही.

आता वेगाचा विचार करू. फेरे तेवढेच असले, तरी पाते जितके रुंद, तितकी त्याची धार अधिक अंतर कापते. १२ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला २४,००० फेरे घेत असता त्याची कड सेकंदाला सुमारे १५ मीटर धावते. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पात्याची कड त्याच फेऱ्यांना ९४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३४० किलोमीटर, धावेल! केंद्रापासून दूर फेकणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा फेरे १०,००० वर आणले, तर तो सहाव्या हिश्शाच्या जवळपास उतरतो. यास्तव मोठ्या पात्यास कमी फेरे द्यावेत, पात्यावर वा वेष्टनावर छापलेली मर्यादा ओलांडू नये, आणि असे पाते हातातल्या यंत्रात न वापरता राउटर मेजाखाली पक्का बसवूनच चालवावे.

सागाच्या लाकडात सिलिकेचे कण असतात. त्यांनी साध्या पोलादाची धार लवकर बोथटते. तेथे टंगस्टन कार्बाइडच्या धारेची पाती बरी. मात्र कार्बाइड कठीण तसेच ठिसूळ असते. ती पाती एका डब्यात खुळखुळू देऊ नयेत.

खोली एकदम घेऊ नये. १२ मिलिमीटरची खोबण तीन-चार फेऱ्यांत कोरावी. यंत्र फार सावकाश सरकविले तर लाकूड करपते.

राहता राहिली दिशा. हातातल्या राउटरचे पाते वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. म्हणून फळीच्या बाहेरील कडेने यंत्र काट्यांच्या उलट दिशेने न्यावे. धार लाकडास सामोरी जाते व यंत्र कडेला धरून राहते. दिशा चुकली, तर पाते चाकासारखे कडेवरून धावू लागते आणि यंत्र हातातून खेचले जाते. चौकटीच्या आतील कडेस हीच दिशा उलटी होते.