चतुःसीमेतले भाऊबंद

बेळगाव-निपाणी भागात घराण्याचं मूळ शोधायला निघालेल्याने आजोबांच्या नावाआधी गावाची चौकशी करावी. त्या काळी गाव कोणाच्या अमलाखाली होतं? शहापूर आज बेळगाव शहरात मिसळून गेलंय, पण ते सांगलीकर पटवर्धनांचं. रायबाग कोल्हापूर संस्थानात, तर चिकोडी, खानापूर इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. चंदगड तालुकाही याच जिल्ह्यातला. १ नोव्हेंबर १९५६ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा तेवढा चंदगड मुंबई राज्यात राहिला. सीमेची रेघ अशी दप्तरांवरूनही गेली. चंदगडकराला बेळगावात आणि शहापूरकराला सांगलीकडे विचारपूस करावी लागते, ती त्यामुळेच.

सुरुवात मात्र हातातल्या जमिनीच्या उताऱ्यापासून. कर्नाटकातल्या गावांचा तो आता कन्नडमध्ये, संगणकावरचा. त्यावरचा फेरफार क्रमांक धरून मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. त्यानंतर खातेदार वारला की वारसांची नावं फेरफाराला चढू लागली. मुलं लहान असतील तर पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि तिथे बहुधा आईचं नाव. एका नोंदीत दोन पिढ्या मिळतात, शिवाय बाप मुलांच्या लहानपणीच गेला हेही कळतं.

त्यामागचा काळ खरेदीखतांचा, गहाणखतांचा. लोक देणारा-घेणारा पाहून कागद मिटतात. मी म्हणेन, चतुःसीमा आधी वाचा. ‘पूर्वेस रामा बिन भीमा याचे रान, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस खुद्द घेणाराचे रान’ अशा धाटणीचा तो मजकूर असतो. आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘बिन’च्या पुढे बापाचं नाव, बस्स. पण वाटणी झालेल्या भावांची रानं एकमेकांना लागून असतात. तुमच्या पणजोबाच्या पूर्वेचा रामा आणि पणजोबा दोघेही ‘बिन भीमा’ निघाले, तर तो चुलत घराण्याचा माग असू शकतो. एका कागदावर विश्वासू नये; शेजारच्या रानाचं खतही काढून ताडून पाहावं.

पाटील, कुलकर्णी, देसाई घराण्यांचं नशीब त्या मानाने थोर. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि वतनदार-इनामदारांना हक्क शाबीत करायला कैफियती, वंशावळी द्याव्या लागल्या. असे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात धुंडाळता येतात. मात्र या वंशावळी हक्कासाठी लिहिलेल्या. वाद असलेली शाखा त्यात गाळलेली असू शकते, दत्तकाची नोंद सोयीने केलेली असू शकते. कुळाचं कूळ ज्याच्या रानात राबलं त्याची वंशावळ आहे आणि कुळाची नाही, हे मला फार लागतं.

हे सगळं बरंचसं मोडीत. २०२३पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते सगळ्यांनाच उमगलं. सीमाभागात ती दुप्पट आहे, कारण इथे मोडी आणि कन्नड दोन्ही वाचता येणारा माणूस लागतो.

बायकांचा माग सगळ्यात अवघड. जुन्या कागदात विधवा भेटते, ‘गंगा कोम सखाराम’, म्हणजे सखारामची बायको गंगा, अशी. लेक भेटत नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर लेकींची नावं चढू लागली, आणि पुष्कळदा पाठोपाठ हक्कसोडपत्रंही. आजीचं माहेर शोधायचं असेल तर तिच्या भावाच्या गावचे त्यानंतरचे फेरफार काढा. हक्क सोडताना का होईना, तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव एका ओळीत लिहिलेलं सापडण्याची शक्यता तिथेच जास्त.