गाडी दिसली, पण नंबर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. पाऊस नुकताच उघडला होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कोपऱ्यावरच्या दुकानातून पीठ घेऊन परत येत होत्या. सोसायटी पुण्याच्या एका जुन्या उपनगरातली. समोरचा रस्ता जेमतेम सात मीटर रुंद आणि त्यातही दोन्ही कडांना गाड्या उभ्या. गेटपासून वीस-पंचवीस पावलांवर मागून आलेल्या एका मोटारीने काकूंना उडवले. मोटार क्षणभर थांबली, मागचे तांबडे दिवे लागले, आणि मग ती सरळ निघून गेली. काकूंच्या खुब्याचे हाड मोडले होते.

त्यांना इस्पितळात दाखल करून आल्यावर रात्री अकराच्या सुमारास आम्ही सात-आठ जण सेक्रेटरींच्या घरी जमलो. मन सुन्न झाले होते, पण एका गोष्टीचा सगळ्यांना धीर होता. सोसायटीला आठ कॅमेरे आहेत! दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून बसवलेले. सेक्रेटरींनी टीव्हीवर फुटेज लावले. काकू दिसल्या. हातातली पिशवी दिसली. मोटार दिसली, पांढरी. धडक दिसली, आणि ती पुन्हा पाहवेना. मोटारीची मागची बाजूही दिसली आणि तिच्यावर नंबरप्लेटच्या जागी एक लखलखीत पांढरा चौकोन. प्लेट होती, तिच्यावर अक्षरे नव्हती.

"झूम करा ना," कुणीतरी म्हणाले. झूम केले. छोट्या पांढऱ्या चौकोनाचा मोठा पांढरा चौकोन झाला.

नंबर मिळाला असता तर काय फरक पडला असता, हे आम्हाला नंतर कळले, आणि तो फरक रुपयांत मोजता येतो. गाडी सापडली तर जखमी माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मालकावर आणि विमा कंपनीवर दावा लावता येतो. त्यात उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, पुढचे अधूपण, सगळे मांडता येते. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार ठरावीक रक्कम मिळते: मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत असल्यास पन्नास हजार रुपये. काकू सहा घरी पोळीभाजीचे डबे देतात, म्हणजे देत होत्या. पन्नास हजारांत शस्त्रक्रियेचाही हिशेब बसत नाही, मग बंद पडलेल्या डब्यांचे कोण बोलणार?

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. एक्स्प्रेस-वेवरून गाडी जरा वेगात गेली की घरी पोहोचण्याआधी मोबाइलवर चलन येते, त्यात नंबरचा स्वच्छ फोटो असतो. आणि आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याला तीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा नंबर वाचता येत नाही? कॅमेरेवाल्याला विचारले. तो म्हणाला, "साहेब, आठ मेगापिक्सेलचा घ्या, सगळं दिसेल." हे उत्तर निम्मे चूक होते, असे आता मी म्हणू शकतो.

मेगापिक्सेल म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची एकूण संख्या. प्रश्न एकूण ठिपके किती हा नसून नंबराच्या वाट्याला किती येतात, हा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या प्लेटवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच असते. मोटारसायकलच्या मागच्या प्लेटवर अक्षरे ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर. माणसाच्या डोळ्याला अक्षर निःशंक वाचता यावे म्हणून चित्रात त्याची उंची पंधरा-वीस ठिपके तरी भरली पाहिजे. त्याखाली इंग्रजी बी आणि आठ, डी आणि शून्य यांत फरक उरत नाही.

आता आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचे गणित पाहा. त्याची लेन्स २.८ मिलिमीटरची. बाजारात बहुतेक घरगुती कॅमेरे याच लेन्सचे येतात, कारण ती रुंद दाखवते आणि गिऱ्हाइकाला "सगळा रस्ता दिसतो" म्हणून बरे वाटते. पंधरा मीटरवर ही लेन्स सुमारे एकोणतीस मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. चित्राच्या आडव्या ओळीत १९२० ठिपके. म्हणजे एका मीटरला ६६ ठिपके आणि मोटारीच्या ६५ मिलिमीटरच्या अक्षराला जेमतेम चार! चार ठिपक्यांत अक्षर कसले उमटणार? आठ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने चाराचे आठ-नऊ झाले असते. तरीही नापासच.

उपाय लेन्समध्ये आहे. त्याच जागी १२ मिलिमीटरची लेन्स लावली तर पंधरा मीटरवर पावणेसात मीटरचा पट्टा दिसतो. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या ओळीत २५६० ठिपके असतात; मीटरला झाले सुमारे ३८०. मोटारीच्या अक्षराला पंचवीस ठिपके, स्कूटरच्या आकड्याला पंधरा. मोटार पहिल्या वर्गात, स्कूटर काठावर पास. म्हणून कॅमेरा घेताना मेगापिक्सेल विचारण्याआधी लेन्स किती मिलिमीटरची आणि ती कमीजास्त करता येते का, हे विचारावे. अशा लेन्सला बाजारात व्हेरिफोकल म्हणतात आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे पडतात.

याचा अर्थ असाही होतो की जो कॅमेरा नंबर वाचेल तो दुसरे काही दाखवणार नाही. माणसे, गेट, झाडाखालचा बाक, काही नाही. फक्त रस्त्याचा एक तुकडा. एक्स्प्रेस-वेवरचे कॅमेरे नेमके हेच करतात. ते मार्गिकेच्या डोक्यावर बसून ठरलेल्या एका जागेकडे टक लावून पाहत असतात. आमच्या आठ कॅमेऱ्यांना मात्र आम्ही सगळीकडे पाहायला सांगितले होते. घटना काय झाली ते सांगायला एक रुंद नजरेचा कॅमेरा आणि गाडी कुणाची ते सांगायला एक अरुंद नजरेचा, अशी जोडी लागते. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही कामे करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग जागा. कॅमेरा जितका उंच तितके चांगले, असा एक सार्वत्रिक समज आहे. चोराचा हात पोहोचू नये इतपत तो खराही आहे, पण प्लेटकडे फार तिरके पाहिले की अक्षरे चेपतात. खालीवर काय किंवा डावी-उजवीकडे काय, तिरपेपणा तीस अंशांपलीकडे जाऊ नये. ढोबळ हिशेब असा, की कॅमेरा ज्या उंचीवर असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावरची जागा त्याने पाहावी. आमच्या चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून, म्हणजे सुमारे तेरा मीटरवरून, समोरच्या पंधरा मीटरवरचा रस्ता पाहायचा तर कोन चाळीस अंशांच्या वर जातो. तेथून गाड्यांची टपे तेवढी छान दिसतात. गेटच्या खांबावर तीन मीटर उंचीवर तोच कॅमेरा लावला की कोन अकरा अंशांवर येतो.

आणि पाहायचे कुठे? जिथे गाडीला वेग कमी करावाच लागतो तिथे. आमच्या सुदैवाने गेटपासून पंधरा मीटरवर एक गतिरोधक आहे. त्याला आम्ही सगळे इतकी वर्षे शिव्या देत होतो. आता त्याच्यासारखा मित्र नाही. कॅमेरा शक्यतो जाणाऱ्या गाडीची पाठ पाहील असा लावावा. समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांत जातात, आणि पळून जाणाऱ्याची पाठच तर आपल्याला हवी असते.

खरी परीक्षा रात्रीची. अंधारात कॅमेरा चित्र उजळ करण्यासाठी आपले शटर अधिक वेळ उघडे ठेवतो, सेकंदाचा पंचविसावा भाग म्हणा. ताशी तीस किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्या वेळात ३३ सेंटिमीटर पुढे सरकते. चित्रात अक्षरांचा नुसता फराटा उमटतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणले की गाडी फक्त आठ मिलिमीटर सरकते, आणि मोटारीच्या प्लेटवरच्या अक्षराची रेघच दहा मिलिमीटर जाड असते. निभावते. हे शटर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हाताने ठरवता येते. कॅमेरेवाला बहुधा ते 'ऑटो'वर सोडून जातो.

एवढे जलद शटर ठेवले की रात्रीचे चित्र जवळजवळ काळे पडते. प्रथम पाहणारा दचकतो, आमचे सेक्रेटरीही म्हणाले, "अहो, कॅमेरा बंद पडला." पण त्या काळोखात प्लेट तेवढी उजळून निघते. कॅमेऱ्याच्या भोवती असतात ते बारीक दिवे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टाकतात, आणि प्लेटवरचा परावर्तक पत्रा ते किरण जिथून आले तिथेच परत धाडतो. काकूंच्या वेळी प्लेटचा पांढरा चौकोन झाला तो याच गुणामुळे. कॅमेरा सावकाश शटरने आणि पूर्ण झोताने पाहत होता, त्यात प्लेट जळून गेली. ज्या गोष्टीने नंबर दिसायचा, तिनेच तो पुसला. वाईट याचे वाटते की त्या रात्री एक सेटिंग वेगळे असते तर निदान एखादा आकडा हाती लागला असता.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. फोकस रात्री जुळवून घ्यावा. अवरक्त प्रकाशात तो किंचित हलतो आणि दिवसा काचेसारखे असलेले चित्र रात्री मऊ पडते. आणि महिन्यातून एकदा झाडू फिरवावा. रात्री त्या किरणांपाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचे जाळे लेन्ससमोर दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे उजळते!

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती कॅमेऱ्याची नाही. नियम सांगतो, इंग्रजी अक्षरे आणि साधे आकडे. आपण मात्र ४१४१ चे 'दादा' करतो, २१४ चे 'राम' करतो, ८०५५ वळवून त्याचा 'बॉस' वाचायला लावतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि परावर्तक पत्रा असतो. जुन्या गाड्यांनाही ती बसवण्याची मोहीम महाराष्ट्रात २०२५ मध्ये निघाली. मुदती वाढत गेल्या आणि आपण सवयीप्रमाणे शेवटच्या तारखेची वाट पाहत राहिलो. रंगवलेल्या जुन्या प्लेटवरून किरण परत येत नाहीत. ती रात्रीच्या काळ्या चित्रात काळीच राहते.

नंबर मिळाला तरी तो कोर्टात टिकला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे फुटेजची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची ओळख पटवणारा 'हॅश' नावाचा आकडाही लिहावा लागतो. ही सक्ती आधीच्या कायद्यातही होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तिचा खल केला तो आपल्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते. म्हणून टीव्हीसमोर मोबाइल धरून काढलेली क्लिप गटावर फिरवण्यापेक्षा मूळ फाइल त्याच दिवशी उतरवून ठेवावी. डिस्क भरली की यंत्र जुने पुसून नवे लिहू लागते. नेहमीच्या दर्जाचा एक कॅमेरा दिवसाला चाळीसएक जीबी खातो, म्हणजे महिनाभराला एका कॅमेऱ्यामागे सव्वा टीबीच्या वर जागा हवी. आमचे यंत्र अकरा दिवसांत पुसत होते. शिवाय त्याचे घड्याळ तेवीस मिनिटे पुढे होते. दोन वर्षे कुणी पाहिलेच नव्हते.

आणि नंबर मिळाला की तो पोलिसांना द्यावा. परिवहन खात्याच्या अॅपवर नंबर टाकून मालकाचे घर शोधत जाण्याचा मोह होतो. तिथे मालकाचे पूर्ण नाव दिसतही नाही, आणि तसे करू नये हेच बरे. समोरच्या बंगल्याची खिडकी चित्रात येत होती, तीही आम्ही सेटिंगमधून झाकून टाकली. तिथल्या आजींना बोलावून पडद्यावर तो काळा चौकोन दाखवला, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

नवा कॅमेरा गेटच्या खांबावर बसवून आता तीन महिने झाले. पहिल्या रात्री चाचणी घेतली. आम्ही पाच जणांनी आपापल्या गाड्या गतिरोधकावरून नेल्या आणि आत येऊन पडद्यासमोर उभे राहिलो. चार नंबर लख्ख दिसले. पाचवी स्कूटर सेक्रेटरींची. तिच्यावर मुलाने हौसेने रंगवून घेतलेली, वळणदार आकड्यांची प्लेट होती. पडद्यावर काहीच नाही. सेक्रेटरी काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात प्लेट बदललेली दिसली.

काकू आता काठी घेऊन गेटपर्यंत येतात. परवा वॉचमनच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी तो पडदा बराच वेळ पाहिला. गतिरोधकावर एक पांढरी मोटार हळू झाली आणि पुढे गेली, तेव्हा त्यांनी तिचा नंबर मोठ्याने वाचला. मग दुसऱ्या गाडीचा वाचला, मग तिसरीचा.