लंडनच्या निळ्या पाट्यांवरची आपली माणसं

मेडा व्हेल भागात फिरताना हॉवली प्लेसवर १० नंबरच्या घरासमोर थबकलो. भिंतीवरच्या गोल निळ्या पाटीवर नाव होतं लोकमान्य टिळकांचं! पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी विलायतेला गेले असताना १९१८-१९ मध्ये ते इथे राहत होते.

नामवंत जिथे राहिले, त्या घरांवरच्या या निळ्या पाट्यांची योजना १८६६ची. सोसायटी ऑफ आर्ट्सने १८६७ मध्ये पहिली पाटी लावली, ती कवी बायरन यांच्या नावाची. १९८६ पासून हे काम इंग्लिश हेरिटेज ही संस्था बघते.

नियम कडक आहेत. व्यक्तीच्या निधनाला किमान २० वर्षं झालेली हवीत आणि ती जिथे राहिली किंवा जिथे तिने काम केलं, ती वास्तू आजही उभी हवी. नाव मात्र कोणीही सुचवू शकतं.

आणखी काही पत्ते लिहून ठेवा:

📍 १०, किंग हेन्रीज रोड: डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९२१-२२. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकतानाचं घर. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे.

📍 ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू, हायगेट: स्वातंत्र्यवीर सावरकर. हेच ते ‘इंडिया हाऊस’, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह.

📍 ७२, अ‍ॅनर्ली पार्क: दादाभाई नौरोजी. १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेले. इथली पाटी २०२२ची.

लंडनला गेलात तर संग्रहालयांइतकाच वेळ या गल्ल्यांनाही द्या. बहुतेक घरांत लोक राहतात, त्यामुळे फोटो रस्त्यावरूनच काढा.

कसं जायचं, काय बघायचं, काहीही विचारा. तुम्ही पाहिलेली पाटीही जरूर सांगा!