छायाचित्रातले आकाश पांढरे का?

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतील किल्ल्यांवर सहली निघतात. निळेभोर आकाश, कापसासारखे ढग आणि दूरवर गेलेल्या डोंगररांगा पाहून छायाचित्र घेण्याचा मोह कुणाला होत नाही? पण घरी येऊन पाहावे तर आकाश फिकट, ढग त्यात विरघळलेले आणि डोंगर धुरकट! असे का होते?

पहिले कारण सोपे आहे. आकाश जमिनीपेक्षा पुष्कळ उजळ असते. कॅमेऱ्याने सावलीतल्या जमिनीला पुरेल इतका प्रकाश आत घेतला, की आकाशाला तो फार होतो. म्हणून सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवून, सकाळी वा दुपार कलल्यावर चित्र घ्यावे. निम्मे काम तेवढ्याने होते. उरलेल्या कामासाठी आकाशाच्या प्रकाशाचा स्वभाव ओळखायला हवा.

निळ्याची उधळण

सूर्यप्रकाश हवेतील रेणूंवर पडला की सर्व दिशांना विखुरतो. यालाच प्रकीर्णन म्हणतात. पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने १८७१ साली त्याचा नियम मांडला. हे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. आता गणित करा. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि लाल प्रकाशाची ६७५ नॅनोमीटर घेतली, तर लाल लहर दीडपट लांब झाली. दीडचा चौथा घात सुमारे ५. म्हणजे निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या पाचपट विखुरतो! आकाशाची निळाई यातूनच येते. आपल्या आणि दूरच्या डोंगराच्या मधल्या हवेतही हेच घडते, म्हणून डोंगर निळसर दिसतो.

मग हा निळा प्रकाश कॅमेऱ्यात शिरूच दिला नाही तर? अमेरिकेतील योसेमिटी दरीत हाफ डोम नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड कडा आहे. एप्रिल १९२७ मध्ये २५ वर्षांचे अँसेल अ‍ॅडम्स अवजड कॅमेरा घेऊन त्याच्या समोरच्या उंचीवर चढून गेले. कड्याचे चित्र घ्यायला काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. पण पिवळ्याने आकाश हवे तितके गडद होणार नाही हे ध्यानात येताच शेवटच्या प्लेटेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. त्या कृष्णधवल चित्रात आकाश जवळजवळ काळे आले आणि कडा त्यातून उठून दिसला. ते चित्र जगप्रसिद्ध झाले.

लाल फिल्टर चित्रात काही भरत नाही. तो निळा आणि हिरवा प्रकाश काढून घेतो. याची किंमतही मोजावी लागते. नेहमीच्या लाल फिल्टरला सुमारे आठपट प्रकाश द्यावा लागतो आणि झाडी काळपट येते. दाट धुक्यापुढे तर त्याचे काही चालत नाही. धुक्याचे थेंब तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्याने सर्व रंगांना सारखेच विखुरतात.

रामन यांचा लोलक

आकाशाच्या प्रकाशाचा आणखी एक गुण डोळ्यांना कळत नाही. खिडकीच्या उभ्या गजांतून दोरी ओवून ती वरखाली हलवली, तर लाट पलीकडे जाते. आडवी हलवली, तर गजांपाशी अडते. ज्या प्रकाशाची कंपने अशी एकाच दिशेत असतात तो ध्रुवित प्रकाश. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशाचा प्रकाश बराच ध्रुवित असतो. पाण्यावरून किंवा ओल्या पानांवरून तिरकस परावर्तित झालेली चकाकीही तशीच. ध्रुवक फिल्टर योग्य कोनात फिरवला की असा प्रकाश अडतो. मग आकाश गडद होते, ढग उठावदार दिसतात आणि पानांचा खरा हिरवा रंग प्रकटतो.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी निकोल लोलकातून, म्हणजे एका प्रकारच्या ध्रुवकातूनच, पाण्याकडे पाहिले. पृष्ठभागावरची चकाकी अडली, तरी पाणी निळेच! निळाई पाण्याच्या आतूनच येत होती. मुंबई बंदरातून त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला तसे पत्र लिहिले.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइलवर सगळे नंतरही करता येते. रंगीत फिल्टरपुरते ते बरेचसे खरे आहे. कॅमेऱ्यातील संवेदक लाल, हिरवा, निळा प्रकाश वेगवेगळा नोंदतो. रंगीत चित्र कृष्णधवल करताना फक्त लाल भाग घेतला तर आकाश गडद होते. पण कंपनांची दिशा नेहमीचा कॅमेरा नोंदतच नाही. चकाकीने झाकलेला तळ्याचा तळ नंतर कोठून आणणार? जे टिपलेच गेले नाही, ते परत मिळत नाही.

करून पाहा : ध्रुवक काचेचा गॉगल मिळवा. तो कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर फिरवल्यावर आकडे दिसेनासे झाले, तर काच ध्रुवक आहे. सूर्याकडे न पाहता अंगठा त्याच्या दिशेने धरा आणि तर्जनी अंगठ्याशी काटकोनात ठेवून मनगट फिरवा. तर्जनी दाखवील त्या पट्ट्यात काच फिरवून पाहा. आकाश गडद-फिकट होताना दिसेल. मात्र कोणत्याही फिल्टरमधून सूर्याकडे मुळीच पाहू नका.

पुढच्या सहलीत हीच काच मोबाइलच्या भिंगापुढे धरा. एकाच जागेवरून, काच फिरवून दोन चित्रे घ्या आणि ती शेजारी ठेवून ताडून पाहा.