गाठ शरीराच्या राखणदाराला कशी फसविते?



कन्हेरीच्या एका सभासदाने आम्हाला विचारले, "साध्या तापातसुद्धा शरीर झगडतं, मग तोंडात कॅन्सरची गाठ वाढताना ते गप्प का बसतं?" प्रश्न रास्त आहे.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे राखणदार फिरतात. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे अंगावर मांडून ठेवते. गेटवर गाडीची चिठ्ठी तपासावी तसे राखणदार ते तपासतात आणि परके दिसल्यास त्या पेशीला मारतात. पण त्यांनी घरच्याच पेशी मारू नयेत म्हणून निसर्गाने त्यांना एक ब्रेकही दिला आहे. त्याचे नाव पीडी-१. पीडी-एल१ हे प्रथिन त्याला चिकटले की ब्रेक दाबला जातो. बऱ्याच गाठी नेमके हेच प्रथिन अंगावर चढवितात. राखणदार दारात येतो, पण त्याचा हात उठत नाही.

काही गाठी चिठ्ठीच लपवितात. काही भोवतालची साखर ओढून घेऊन आम्ल सोडतात, त्याने राखणदार दुबळा होतो. म्हणून साखर सोडली की गाठ मरेल, असे मात्र कोणी समजू नये. शरीर गरजेपुरती साखर स्वतःच तयार करते.

जपानच्या होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली पीडी-१ शोधला. २०१८ साली त्यांना अमेरिकेच्या ॲलिसन यांच्यासह नोबेल मिळाले. हा ब्रेक सोडविणारी औषधे आता आहेत, पण फार महाग. यावर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने वाट शोधली. तोंड-घशाचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना गोळ्यांबरोबर निव्होलुमॅब हे औषध दर ३ आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी. २०२२ साली निष्कर्ष आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले ते शंभरात १६, औषध जोडल्यावर ४३.

म्हणजे आशा आहे, पण हमी नाही. गाठ लहान असतानाच गाठली तर ऑपरेशनने बरी होण्याची शक्यता पुष्कळ. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर पट्टा पडायची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि तंबाखू, गुटखा, मिश्री आजच सोडा. राखणदाराला याहून मोठी मदत नाही.