वय वाढले, मन मोठे झाले का?

काही महिन्यांपूर्वी दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय ४४. झोप लागत नाही, पोटात जळजळ होते, मान आखडते, अशा तक्रारी. रक्तदाब, साखर, थायरॉइड, सगळे व्यवस्थित. "डॉक्टर, झोपेची गोळी तेवढी द्या," असा आग्रह. बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. रस्त्यालगतची सामाईक जमीन विकावी असे मोठ्या भावाचे म्हणणे, विकू नये असे पत्नीचे. हे भावालाही 'हो' म्हणत आणि पत्नीलाही. "तुम्हाला स्वतःला काय वाटते?" असे मी विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मला आजवर कोणी विचारलेच नाही."

वाचकहो, शरीराची उंची विशीच्या आसपास वाढायची थांबते. मनाचे तसे नाही. रॉबर्ट केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'द इव्हॉल्व्हिंग सेल्फ' या १९८२ सालच्या पुस्तकात मनाची वाढ प्रौढपणीही चालू राहते, असे मांडले. एका टप्प्यावर माणूस आपल्या माणसांच्या अपेक्षांवर चालतो. त्यांची नाराजी म्हणजे आपलीच चूक, असे त्याला वाटते. यात वाईट काही नाही, घर-संसार त्यावरच उभा राहतो. पण दोन जवळच्या माणसांच्या अपेक्षा एकमेकींवर आदळल्या की हा माणूस मधल्या मधे भरडला जातो. पुढच्या टप्प्यावर तो त्याच अपेक्षा समोर ठेवून तपासतो आणि कोणती मानायची हे स्वतः ठरवतो. केवळ केस पिकले म्हणून हा टप्पा येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरच्यांच्या विरुद्ध वागणे म्हणजे स्वतंत्र होणे नव्हे. वडील पूर्व म्हणाले म्हणून हट्टाने पश्चिमेला जाणाऱ्याची दिशासुद्धा वडीलच ठरवत असतात.

माझाच अनुभव सांगतो. वडिलांच्या इच्छेखातर मी गावात दवाखाना थाटला आणि पुढे दहा वर्षे मनातल्या मनात त्यांना दोष देत राहिलो. शहरात असतो तर कुठल्या कुठे गेलो असतो, हे पालुपद. एके दिवशी लक्षात आले, की माझे पाय कोणी बांधलेले नव्हते. वडिलांची नाराजी सोसायची माझी तयारी नव्हती, इतकेच. मग पुन्हा शांतपणे विचार केला आणि येथेच राहायचे ठरवले. दवाखाना तोच, खुर्ची तीच. पण आता निर्णय माझा होता आणि तक्रार संपली.

मग करायचे काय? एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात इतरांचे म्हणणे, दुसऱ्यात स्वतःचे, तिसऱ्यात प्रत्येक पर्यायाची किंमत लिहा. कोणती किंमत मोजायची आपली तयारी आहे, हे स्वतःला विचारा. समोरच्याला लगेच 'हो' म्हणू नका. "परवा सांगतो," म्हणा आणि परवा खरोखरच सांगा. सुरुवात लहान गोष्टींपासून करा. पहिल्यांदा नकार देताना अपराधी वाटेल. परंतु अपराधी वाटले म्हणजे अपराध झालाच, असे नाही.

एक सूचना मात्र महत्त्वाची. उदासी, झोप न लागणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, किंवा जगणे नकोसे वाटले, तर कागद-पेन पुरेसे नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

त्या गृहस्थांनी शेवटी भावाला समोर बसवून सांगितले, "मुलीचे शिक्षण होईपर्यंत मी सही करणार नाही. त्यानंतर आपण पुन्हा बोलू." भाऊ अजून पूर्वीसारखे बोलत नाहीत. त्याचे त्यांना दुःख आहे. पण झोप येते, जळजळही कमी झाली आहे. परवा आले तेव्हा गोळीचे नावही काढले नाही.