वन्यजीवांचे रक्षण : केव्हा आणि कोठे ?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटाशी दोन जीवांच्या कथा निगडित आहेत. एक जीव नामशेष झाला. दुसरा त्याच वाटेवर आहे. वन्यजीवांचे रक्षण केव्हा व कोठे करावे, याचा बोध दोहोंच्या तुलनेतून होतो.

पहिला जीव टास्मानियन वाघ. नावाने वाघ असला तरी तो कांगारूप्रमाणे पोटावर पिशवी असलेला, म्हणजे शिशुधान प्राणी होता. अंगाची ठेवण कुत्र्यासारखी व पाठीच्या मागील भागावर काळे पट्टे, असे त्याचे रूप. वसाहतवाल्यांच्या मेंढ्या मारल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि तेथील सरकारने १८८८ पासून प्रत्येक प्रौढ जनावरामागे एक पौंड बक्षीस ठेवले. १९०९ पर्यंत लहानमोठ्या जनावरांसाठी २,१८४ बक्षिसे दिली गेली. अखेर १० जुलै १९३६ रोजी त्यास कायद्याचे संरक्षण लाभले. त्यानंतर अवघ्या ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील शेवटचे ज्ञात जनावर मरण पावले.

दुसरा जीव पूर्वेकडील कर्ल्यू, हा चिखलाच्या किनाऱ्यावर चरणारा पक्षी होय. आपली लांब, खाली वाकलेली चोच चिखलात खुपसून तो खेकडे टिपतो. रशियाच्या अतिपूर्व भागात व ईशान्य चीनमध्ये त्याची वीण होते. तेथून हजारो किलोमीटर उडून तो ऑस्ट्रेलियात, थेट टास्मानियापर्यंत येतो. वाटेत पीत समुद्राच्या काठी उतरून तो पोट भरतो. परंतु बंदरे, कारखाने व शेती यांसाठी तेथील चिखलपट्ट्यांवर भराव पडले. दक्षिण कोरियात २००६ मध्ये ३३ किलोमीटर लांबीच्या बांधाने अशी एक विस्तीर्ण पट्टी समुद्रापासून तुटली. सुमारे ३० वर्षांत या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ८० टक्क्यांनी घटली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यास अतिसंकटग्रस्त ठरविले.

वाघाची शिकार थांबविणे एका सरकारच्या हाती होते. त्याने विलंब केला. कर्ल्यूचे तसे नाही. त्याचा घास वाटेतच हिरावला जातो, म्हणून एका देशाचा कायदा त्यास पुरत नाही. ऑस्ट्रेलियाने जपान, चीन व दक्षिण कोरिया यांच्याशी स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार केले आहेत. पीत समुद्राकाठच्या काही चिखलपट्ट्यांना २०१९ व २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पक्षी हयात असतानाच झालेले हे काम अधिक मोलाचे आहे.

कोकण व गोव्याच्या खाड्यांतही हिवाळ्यात उत्तरेकडून असे पक्षी येतात. ओहोटीने उघडी पडणारी जमीन निरुपयोगी समजून तिच्यावर भराव घालण्यापूर्वी तेथे कोण चरते, हे पाहणे अगत्याचे आहे.